नऊ विड्यांवरची बकुळा

दत्ताराम टपालवाल्यानं मुंबई कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण मुंबई त्याला तोंडपाठ होती.

यात चमत्कार काही नाही. हर्णै बंदराच्या अलीकडे डोंगराच्या खोबणीत खारकोंड नावाचं गाव. गावातला हातीपायी धड असलेला प्रत्येक पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. मागे राहिलेल्या आयाबायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून दत्ताराम एकतीस वर्षं नुसतं टपाल वाटत नव्हता. पडवीत बसून ते वाचून दाखवायचा आणि उत्तरही स्वतःच लिहायचा. कुणाची खोली कितव्या मजल्यावर, कुणाचं नळावरून कुणाशी वाजलं, कुठल्या जिन्याची कितवी पायरी मोडकी, सगळं पत्त्यांसकट त्याच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. गिरगावातल्या कारकून मंडळींच्या पत्रांत अंतरं मिनिटांत असत: ‘चर्नी रोडहून चालत सात मिनिटे.’ गिरणीवाल्यांकडे घड्याळं कुठली? ते लिहीत: ‘नाक्यापासून गिरणी एक विडी.’ म्हणजे चालता चालता एक विडी ओढून संपते तेवढी वाट. दत्तारामाच्या डोक्यातली मुंबई अशी विड्यांनी मोजलेली होती. स्वतः त्यानं जन्मात विडीला हात लावला नव्हता.

त्याची दुसरी मत्ता म्हणजे आवाज. खालच्या वाडीच्या बांधावर उभं राहून तो “टपाऽऽल!” म्हणून ओरडला, की वरच्या वाडीतल्या कोंबड्या झाडावर चढत. एका हिवाळ्यात धुक्यात वाट चुकलेला मचवा त्याच्या हाकेच्या रोखानं बंदराला लागला होता. त्या मचव्याचा तांडेल हे कबूल करत नाही. पण वाट चुकलेल्या माणसाची साक्ष काय धरायची!

आणि तो हाक मारायचा ती नाव घेऊन. सासरी आलेल्या पोरींचं नाव लग्नात बदललेलं, सारं गाव नव्या नावानं हाका मारणार; पण माहेरची पत्रं यायची ती माहेरच्या नावावर. दत्ताराम उंबऱ्याशी उभा राहून ते जुनं नाव पुकारायचा आणि चुलीपुढची बाई दहा वर्षांनी लहान होऊन धावत यायची.

अशा माणसाच्या हातचं एकही पत्र एकतीस वर्षांत परत आलं नाही. आलं ते नेमकं नोकरीच्या शेवटच्या महिन्यात.

पत्र होतं कमलाबाईचं. तिची एकुलती एक मुलगी बकुळा सात वर्षांपूर्वी मावशीकडे मुंबईला गेली, आणि मावशीनं तिथल्या तिथं एक गोदीवाला मुलगा बघून लग्न उरकून टाकलं. आईला विचारलं नाही, बोलावलंही नाही. पुढं बकुळेचं एकच पत्र आलं: ‘हे गोदीत आहेत. खोली पिंपळाच्या चाळीत, शिवडीला. खिडकीतून समुद्र दिसतो. तुझी बकुळा.’ दत्तारामानं ते वाचून दाखवलं. कमलाबाईनं ऐकून घेतलं, कागद हातातून काढून घेतला आणि चुलीत घातला. सात वर्षं उत्तर नाही. या शिमग्याला मात्र तिनं आपणहून दत्तारामाला हाक मारली आणि चार ओळी सांगितल्या.

“पत्त्यावर जावयाचं नाव घालायला हवं, वैनी.”

“माझ्या तोंडात त्याचं नाव यायचं नाही. आणि ठाऊक तरी कुणाला आहे? ठाऊक होतं ते माझ्या बहिणीला, ती तर वारली.”

खरंच होतं. बकुळेच्या पत्रात नुसतं ‘हे’. नवऱ्याचं नाव बाई तोंडानं घेत नाही, तर कागदावर कशी लिहील? दत्तारामानं लिहिलं: ‘सौ. बकुळा, पिंपळाची चाळ, शिवडी, मुंबई.’ लिहितानाच त्याला कळलं होतं, पत्ता लंगडतोय. पण भिडेखातर गप्प बसला. महिन्यानं पाकीट परत आलं. वर लाल अक्षरांत: ‘या नावाचे येथे कोणी नाही.’ शेजारी चाळीच्या चारही इमारतींचे नंबर लिहून त्यांवर खुणा केलेल्या. मुंबईचा टपालवाला इमानी माणूस होता, चारी ठिकाणी विचारून मग पाकीट फिरवलेलं.

“तिनंच परत पाठवलं,” कमलाबाई म्हणाली.

“नाकारलं तर ‘नाकारले’ असं लिहितात, वैनी. हे तसं नाही.”

“तू वाचणारा, तू काय वाटेल ते वाचशील. आता ऐक. पावसाआधीची शेवटची बोट येईस्तोवर मी थांबते. तोवर तिचा काही निरोप आला तर ती माझी लेक. नाही आला तर मला लेक झालीच नव्हती.”

एवढं बोलून ती सूप घेऊन आत गेली. दत्तारामानं पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं, छत्री काखोटीला मारली आणि शेवटच्याच्या आधीच्या बोटीत चढला.

*

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. भाऊच्या धक्क्यावर उतरला तर गोदामांच्या भिंतींवर चुन्याची अक्षरं पुरुष-पुरुष उंचीची. पुतण्या भिवा न्यायला आला होता. गिरणीत मागावर काम करणारा, अठ्ठावीस वर्षांचा, आठ वर्षं मुंबईत मुरलेला आणि ते प्रत्येक वाक्यात सांगणारा.

“काका, माझा हात सोडू नका. ही मुंबई आहे. इथं नवा माणूस नाक्यावरनं वळला की तीन दिवसांनी सापडतो.”

“शिवडी कुठल्या अंगाला?”

भिवानं जरा विचार करून एकीकडे बोट दाखवलं. दत्तारामानं त्याचा हात धरून दुसरीकडे वळवला. “तिकडं समुद्र आहे रे. आठ वर्षं काय केलंस?”

“खोली ते गिरणी, गिरणी ते खोली! आम्हांला काय हिंडायला पगार देतात?”

रात्र डिलाईल रोडला भिवाच्या खोलीत गेली. गावच्या अकरा जणांत एक खोली, त्यामुळे झोपायला जिन्यावर जागा मिळाली. सकाळी उठून बघतात तर रस्ता चिडीचूप. ट्राम नाही, बस नाही, गिरण्यांचा भोंगा नाही. हरताळ.

“झालं!” भिवा खूष होऊन परत आडवा झाला. “आज काही जाणं नाही. उद्या बघू.”

“उद्या सकाळी बोट सुटते. शेवटची.”

“मग खालीपिली तंगड्या तोडायच्या का? मला वाट ठाऊक नाही, तुम्हांला तर नाहीच नाही.”

“मला ठाऊक आहे,” दत्ताराम म्हणाला. “इथून लालबाग तीन विड्या, तिथून परळ दोन, परळहून शिवडी चार. एकूण नऊ. विड्यांचं बंडल आहे ना तुझ्याकडं?”

“आहे. का?”

“मी ओढत नाही. तू ओढ, मी मोजतो.”

अशी ती वरात निघाली. पुढं भिवा विडी ओढत, मागून दत्ताराम त्याच्या तोंडाकडं बघत. इतक्या बारीक नजरेनं कुणी आपल्या विडीकडं बघतंय म्हटल्यावर भिवाला धड झुरकाही घेता येईना.

“जोरात ओढू नकोस, चाळी पुढं सरकतील.”

“काका, माणूस आपल्या मर्जीनं ओढतो हो!”

“तुझ्या मर्जीनं नको, रामजीच्या मर्जीनं ओढ. पत्रांत ही अंतरं त्यानं लिहिली आहेत, आणि तो शांत माणूस आहे.”

करी रोडच्या पुलावर वारा लागला आणि विडी बघता बघता बोटाशी आली. भिवा दुसरी काढणार, तोच दत्तारामानं त्याला थांबवलं. “ही अर्धीच धर. अर्धी वाऱ्यानं ओढली.” आणि गंमत म्हणजे तिसरी विडी विझली तेव्हा समोर लालबागचा नाका उभा होता. भिवानं थोटूक टाकलं, नाक्याकडं बघितलं, काकाकडं बघितलं आणि न सांगता चौथी विडी पेटवली.

पण दत्ताराम आता रंगात आला होता. एका चाळीपुढं थांबून म्हणाला, “ही बघ. मागं विहीर, डाव्या हाताला पिठाची गिरणी, दुसऱ्या मजल्यावर बोलका पोपट.” आतून खरोखरच पोपटानं शिवी दिली. एक बाई बादली घेऊन जिना उतरत होती. दत्ताराम ओरडला, “जपून, बाई! तिसरी पायरी मोडकी आहे!”

बाई दचकून थांबली. “ती गेल्या साली दुरुस्त झाली. तुम्ही इथं राहायचात का हो, मामा?”

“नाही. मी कालच मुंबईला आलो.”

“मग पायरीचं कसं ठाऊक?”

“पत्र आलं होतं. दुरुस्तीचं मात्र आलं नाही.”

बाईनं तरी तिसऱ्या पायरीवर पाय जपूनच टाकला.

नाक्यावर हरताळवाल्यांनी टेबल टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला लिंबाचं सरबत फुकट वाटायला घेतलं होतं. पिंपात बर्फाची लादी तरंगत होती. दत्तारामानं बर्फ ऐकला होता, पत्रांत. जिभेवर ठेवला नव्हता. पहिला पेला त्यानं भीतभीत घेतला. दुसरा भिवाचा घेतला. मग टेबलवाले घोषणा द्यायला लागले तेव्हा त्यालाही राहवेना. “संयुक्त महाराष्ट्र” असं ते म्हणाले, आणि दत्तारामानं “झालाच पाहिजे!” अशी आरोळी ठोकली की समोरच्या गॅलऱ्यांतली वाळत घातलेली धोतरं फडफडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाठ थोपटली आणि आणखी तीन पेले पाजले.

“काका, बस करा. सवय नाही तुम्हांला.”

“अरे, फुकट आहे!”

*

नववी विडी शिवडीत एका जुन्या पिंपळाखाली विझली. पिंपळामागं चार इमारती, तीन-तीन मजल्यांच्या. भिवाचा घसा जळत होता, डोळे लाल झाले होते. तरी त्यानं काकाच्या पायांना हात लावला. “मानलं तुम्हांला. आता पाकीट द्या आणि चला घरी.”

पण पाकीट द्यायचं कुणाला?

“बकुळा? नाही बुवा.” “कुठलं गाव? खारकोंड? नाही, इथं सगळे लांजा-राजापूरकडले.” “नवऱ्याचं नाव सांगा ना, असं कसं शोधणार?” चारही इमारती मिळून तीनशे वीस खोल्या. दत्ताराम खोली-खोली करत निघाला. पण हरताळाचा दिवस, माणसं घरी, आणि गावाकडनं आलेल्या म्हाताऱ्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही ही चाळीची रीत. अकराव्या खोलीत अकरावा चहा पुढं आला तेव्हा दुपार कलायला लागली होती. दत्तारामानं मनात हिशेब केला. या गतीनं तीनशे विसाव्या खोलीत पोचेपर्यंत बोट हर्णैला जाऊन परतसुद्धा आली असती. आणि तिकडं बंदरावर कमलाबाई उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडं बघत उभी राहिली असती, मग वळून घरी गेली असती. कायमची.

“खिडकीतून समुद्र दिसतो अशी कुठली खोली?” त्यानं चहावालीला विचारलं.

बाई पदर तोंडाला लावून हसली. “समुद्र? अहो, इथं गोदामं दिसतात. कुणी सांगितलं हे?”

“बकुळेनं.”

“बकुळा, बकुळा! असेल हो एखादी माहेरी बकुळा. इथं कुणाला कळणार? आता मीच बघा. इथं सगळे मला कुसुम म्हणतात. माहेरी मी येसू होते. येसू म्हणून कुणी विचारत आला असता तर माझ्या सासूनंसुद्धा नाही म्हणून सांगितलं असतं.”

दत्तारामानं भरलेली बशी खाली ठेवली.

एकतीस वर्षं! गावात येणाऱ्या प्रत्येक सुनेची दोन-दोन नावं ज्यानं सांभाळली, त्याच्या डोक्यात हे आलं नाही, की गावातून गेलेल्या लेकीलाही कुणीतरी दुसरं नाव दिलं असेल. या चाळीत बकुळा नव्हतीच. बकुळा नावाचं कुणीतरी दुसऱ्याच नावाखाली भाकऱ्या थापत बसलं होतं.

“भिवा, खाली चल! आता दारं ठोकायची नाहीत. आता हाक मारायची.”

तो चारी इमारतींच्या मध्ये, पिंपळाखाली उभा राहिला. गिरण्या बंद, ट्राम बंद. सुई पडली तरी ऐकू यावी अशी शांतता मुंबईत वर्षातून किती वेळा मिळते! दत्तारामानं छाती भरून घेतली, मान मागं टाकली आणि तोंड उघडलं.

बिजागरीला तेल नसलेल्या दारासारखा एक किरकिर आवाज आला. तेवढाच.

त्यानं परत प्रयत्न केला. या खेपेला तेवढंही नाही. पाच पेले बर्फाचं सरबत आणि ती घोषणा, दोघांनी मिळून एकतीस वर्षांचा गळा बंद केला होता. दत्ताराम पाराच्या कठड्यावर बसला. भिवानं काकाला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतः हाक मारून बघितली, “बकुळाऽ!” पण नऊ विड्या ओढलेला गळा तो, खोकल्यातच संपला.

तेवढ्यात नाक्याकडून आवाज आला, “संयुक्त महाराष्ट्र...” आणि पाठोपाठ शेकडो गळ्यांचा, “झालाच पाहिजे!”

मोर्चा वळून पिंपळाकडेच येत होता. पुढं एक पन्नाशीची बाई, नऊवारी खोचलेली, हातात पत्र्याचा कर्णा. आनंदीबाई तिचं नाव. गिरणीच्या वाइंडिंग खात्यातली. भिवा एरवी मुकादमासमोर मान वर करत नाही, पण तो धावत जाऊन तिच्या वाटेत उभा राहिला.

“मावशी, एक काम होतं. एक बाई शोधायची आहे.”

“अरे बाबा, आम्ही इथं मुंबई मागतोय आणि तू बाई मागतोस?”

मोर्चा हसला. भिवा लाजेनं लाल झाला, पण हटला नाही. “मावशी, मुंबई काही आज संध्याकाळपर्यंत मिळत नाही. बाई मिळेल. तिच्या आईचं पत्र आहे. आई वाट बघतेय आणि शेवटची बोट उद्या सकाळी सुटते. तिचं सासरचं नाव ठाऊक नाही, नवऱ्याचं ठाऊक नाही. माहेरचं तेवढं ठाऊक आहे. आणि ज्यानं हाक मारायची त्याचा गळा बसलाय.”

आनंदीबाईनं पारावरच्या म्हाताऱ्याकडं बघितलं. दत्तारामानं बोलायला तोंड उघडलं आणि नुसतं पाकीट वर केलं.

“माझं माहेरचं नाव गोदू,” ती एकाएकी म्हणाली. “बाप गेल्यापासून ते कुणी घेतलं नाही.” मग मागं वळून तिनं कर्णा तोंडाला लावला. “ऐका रे सगळे! माझ्यामागनं म्हणायचं! खारकोंडची बकुळा...”

मोर्चाला दुसरं काय येत होतं? तीन वर्षं घोटून घोटून जिभेवर बसलेलं तेच आलं.

“आलीच पाहिजे!”

“कमलाबाईची बकुळा...”

“आलीच पाहिजे!”

पिंपळावरचे कावळे उठले. कोपऱ्यावरच्या हवालदारानं घाईघाईनं वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि मागण्यांच्या खाली लिहिलं: ‘बकुळा. नवीन मागणी.’ तिसऱ्या घोषणेला चारी इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या. आणि मग एक-एक बाई पुढं यायला लागली. एकीच्या हाताला राख, एकीच्या कडेवर पोर. “मला कोण हाक मारतंय?” “अगं, मी बकुळा!” “तू कुठली बकुळा, तू तर सुमती!” “माहेरी बकुळाच होते मी!” पहिल्या इमारतीतून ऐंशीची एक म्हातारी भिंत धरत आली आणि विचारायला लागली, “भाऊ आला का माझा?” मोजून पाच बकुळा निघाल्या. त्यांतली एकही खारकोंडची नव्हती.

पिंपळाची सावली पारावरून सरकली होती, दत्तारामाच्या डोक्यावर ऊन तापलं होतं. काही सुचेना तेव्हा माणूस सवयीचं काहीतरी करतो. त्यानं छत्री उघडली.

ती छत्री सांगायची राहिली. काळी, जुनाट, आणि वरच्या बाजूला वीतभर खाकी ठिगळ. वीस वर्षांपूर्वी एका पोरीनं कोकमं पाडायच्या आकडीनं तिला भोक पाडलं होतं, आणि आईचा मार खाल्ल्यावर फाटक्या टपालपिशवीचा तुकडा लाल दोऱ्यानं शिवून ते बुजवलं होतं. वेडावाकडा टाका. खालून चालणाऱ्याला ते ठिगळ दिसत नाही. दिसतं ते फक्त वरून बघणाऱ्याला.

तिसऱ्या मजल्यावर घोषणा ऐकून एक बाई केव्हाची कठड्याला धरून उभी होती. पुढं येत नव्हती. सात वर्षांत उत्तर आलं नाही, तर आपल्याला कोण शोधणार, आपल्यालाच भास झाला असेल, असं तिला वाटत होतं. खाली छत्री उघडली. लाल दोरा दिसला.

जिन्यावर पावलं वाजली ती अशी, की लोकांना वाटलं कुणीतरी पडलं.

“दत्तूकाका!” पिठाच्या हातांनी ती गर्दीतून घुसली. “ते ठिगळ अजून टिकलंय?”

दत्ताराम उठून उभा राहिला. टोपी सारखी केली. पाकीट दोन्ही हातांत धरलं आणि जेवढा आवाज उरला होता तेवढा गोळा करून, उंदरासारखा, पण सरकारी रुबाबात म्हणाला, “बकुळा. टपाल.”

तिनं पाकीट फोडलं आणि चौथीपर्यंत शिकलेल्या माणसासारखं, एक-एक शब्द मोठ्यानं वाचला. “चिरंजीव बकुळास आईचा आशीर्वाद. तू लिहिलंस, खिडकीतून समुद्र दिसतो. तो आपलाच असणार, दुसरा कुठून येईल? मी दिवेलागणीला बंदरावर बसते. तूही त्या वेळी खिडकीत येत जा. रागावले होते. आता दमले.”

आनंदीबाईनं कर्णा खाली ठेवला आणि पदरानं नाक पुसलं.

“काका,” बकुळा म्हणाली, “समुद्र धड दिसत नाही हो. दोन गोदामांच्या मधून लुगड्याच्या काठाएवढं पाणी दिसतं. ओहोटीला तेही नाही. पण मी बघते. रोज बघते.”

“ते मी सांगेन,” दत्ताराम किरकिरला आणि त्यानं कानावरची पेन्सिल काढली. “आधी पत्ता पुरा करू. तुझं इथलं नाव?”

“सुनेत्रा.”

“नवऱ्याचं?”

बकुळेनं मान खाली घातली. पिठाचे हात पदरात लपवले. आनंदीबाईला काय ते कळलं. तिनं परत कर्णा उचलला.

“नाव घेतल्याशिवाय पत्ता होत नाही! बकुळेनं नाव...”

“घेतलंच पाहिजे!”

हवालदारानं तेही लिहून घेतलं. बकुळेनं एकदा वर खिडकीकडं बघितलं, एकदा हातातल्या पत्राकडं, आणि म्हणाली:

“दोन गोदामांच्या फटीतून दिसते दर्याची निळाई,
रामदासरावांचं नाव घेते, पत्त्यावर लिहू दे आई!”

असा गजर झाला, की माटुंग्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. आणि त्याच वेळी मोर्चाच्या शेपटाला, फलकाची काठी धरून उभ्या असलेल्या एका माणसाचे कान लाल झाले. तोच रामदास. मघापासून “बकुळा आलीच पाहिजे” म्हणून सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडत होता. सात वर्षं बायकोला “अगं” म्हणणाऱ्या माणसाच्या ध्यानात तिचं पहिलं नाव राहणार कुठून!

त्याला ओढत पुढं आणलं. त्यानं दत्तारामाच्या पायांना हात लावला आणि विचारलं, “बोट किती वाजता सुटते?”

*

भिवा दुसऱ्या दिवशी धक्क्यावर पोचवायला आला तो एकही विडी न ओढता. येताना रस्ता त्यानं दाखवला आणि एकदाच चुकला.

हर्णैला बोट थांबली, उतारू घेऊन पडाव किनाऱ्याला आला. कमलाबाई वाळूत उभी होती. तिनं आधी दत्ताराम उतरताना बघितला. त्याचे हात रिकामे होते. तिचा चेहरा मिटला. ती वळणार, तोच त्याच्यामागून पाण्यात उडी मारून एक बाई आली, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, खांद्यावर चार वर्षांची पोर.

“निरोप आणलास का?” कमलाबाईनं दत्तारामाला विचारलं. नजर मात्र त्याच्याकडं नव्हती.

“निरोप चालत येतोय, वैनी,” दत्ताराम म्हणाला. आवाज सुटला होता. वरच्या वाडीतल्या कोंबड्यांनी ओळखला.

मायलेकी काय बोलल्या ते कुणी ऐकलं नाही, कारण दोघी एकदमच बोलत होत्या. पोरीचं नाव कमल ठेवलंय, एवढं मात्र लोकांना कळलं.

बकुळा सगळा पावसाळा खारकोंडला राहिली. भरपावसात एका दुपारी कमलाबाईनं दत्तारामाला पडवीत बोलावलं आणि पाकीट पुढं ठेवलं. आत पत्र होतं जावयाला: नारळ पाठवते आहे, छत्री वापरत जा, गणपतीला येऊन तिला घेऊन जा. दत्तारामानं दौत उघडली.

“पत्ता सांगा, वैनी.”

कमलाबाईनं घसा साफ केला. सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा बेतानं, एक-एक शब्द ठासून म्हणाली, “श्रीयुत रामदासराव. पिंपळाची चाळ, शिवडी. आणि खाली लिही, डिलाईल रोडपासून नऊ विड्या. वारं असेल तर साडेनऊ.”